हाकॅट पेशींत कॅस्पेज-१४ चा बँड येत नाही. अँटिबॉडी बदलू का?

दांडियाबाजारकर
मंडळी, बडोद्यात एम.एस्सी.च्या डिझर्टेशनसाठी हाकॅट पेशींत (माणसाच्या त्वचेतल्या केराटिनोसाइट पेशींची प्रयोगशाळेतली ओळ) कॅस्पेज-१४ हे एन्झाइम वेस्टर्न ब्लॉटवर (जेलवर प्रोटीन वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) बघायचंय. अडकलेय, म्हणून सगळा प्रोटोकॉलच देते.

मीडियम डीएमईएम, त्यात १० टक्के एफबीएस (गाईच्या गर्भाचं सीरम). साधारण ७० टक्के कॉन्फ्लुअन्सला (प्लेट तेवढी भरल्यावर) पेशी काढल्या. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून एका प्लेटला १ मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरिन (पेशींना मरायला लावणारं रसायन), ६ तास. रिपा बफर, ३० मायक्रोग्रॅम प्रोटीन, १२ टक्के जेल, ०.४५ मायक्रॉनची पीव्हीडीएफ मेम्ब्रेन, ट्रान्स्फर १०० व्होल्टवर ९० मिनिटं. कॅस्पेज-३ तुटलेला दिसतो, अ‍ॅक्टिन छान येतं, कॅस्पेज-१४ च्या जागी मात्र काहीच नाही. डीईव्हीडी सब्स्ट्रेटच्या, अ‍ॅक्टिव्हिटी मोजणाऱ्या किटने स्टॉरोस्पोरिनच्या प्लेटमध्ये सिग्नल भरपूर आला. म्हणजे एन्झाइम आहे, अँटिबॉडीच पकडत नाही, असं समजायचं का? नवी मागवायची तर विभागात अर्ज करावा लागतो, आणि तो एकदाच मंजूर होईल असं दिसतंय.

थरावर_थर
अर्ज थांबवा. अँटिबॉडीवर शंका घेण्याआधी तुमच्या पेशींत हे प्रोटीन आहे की नाही तेच ठरलेलं नाही.

कॅस्पेज-१४ हे नावापुरतं कॅस्पेज कुटुंबात आहे. पेशी मारण्याच्या नेहमीच्या कामात ते नसतं. स्टॉरोस्पोरिनने कॅस्पेज-३ जागा होतो, १४ ढिम्म राहतो. आणि डीईव्हीडी ही कॅस्पेज-३ आणि ७ यांच्या आवडीची अमिनो आम्लांची साखळी. किटमध्ये दिसला तो त्यांचा सिग्नल, तेव्हा त्यावरून १४ बद्दल काहीही म्हणता येत नाही. स्टॉरोस्पोरिनची प्लेट या प्रयोगातून काढूनच टाका.

हे एन्झाइम तयार होतं ते त्वचेचा बेसल (तळचा) थर सोडून वर सरकणाऱ्या केराटिनोसाइटमध्ये, आणि सक्रिय होतं ते ग्रॅन्युलर थरातून स्ट्रॅटम कॉर्नियममध्ये (सगळ्यात वरच्या मेलेल्या थरात) जाताना. तिथे ते फिलाग्रिन या त्वचेतल्या प्रोटीनचे तुकडे आणखी बारीक करायला मदत करतं. त्यातून पुढे पीसीए, युरोकॅनिक आम्ल वगैरे त्वचेत पाणी धरून ठेवणारे रेणू बनतात. ज्या उंदरांत हे जीनच नाही त्यांच्या कातडीत फिलाग्रिनचे १२ ते १५ किलोडाल्टनचे अर्धवट तुकडे साचतात, पाणी जास्त उडतं आणि यूव्ही-बीचा मारा सोसत नाही; हे काम २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. माणसात दोन्ही प्रती निकामी असल्या तर इक्थिओसिसचा एक प्रकार होतो, तो २०१७ मध्ये नोंदला गेला.

आता ७० टक्के कॉन्फ्लुअन्सची प्लेट बघा. पेशी अजून विभाजनाच्या घाईत आहेत, परिपक्व व्हायला सुरुवातही नाही. त्यात हाकॅट ही अमर केलेली ओळ, या प्रोटीनच्या बाबतीत मुळातच कंजूष. एफबीएसमध्ये जीवनसत्त्व अ-चे रेणू असतात आणि रेटिनॉइक आम्ल कॅस्पेज-१४ ची निर्मिती दाबतं. म्हणजे तिन्ही बाजूंनी तुम्ही त्याला नकार दिलाय.

करायचं असं: पेशी पूर्ण भरू द्या, त्यानंतर ५ ते ७ दिवस तशाच ठेवा, मीडियम एक दिवसाआड बदला, एफबीएस २ टक्क्यांवर आणा. एफबीएस एकदम शून्यावर नेऊ नका, पेशी सुटून तरंगायला लागतात. डीएमईएममध्ये कॅल्शियम १.८ मिलिमोलर असतंच, त्यामुळे 'कॅल्शियम वाढवलं' एवढ्याने हाकॅटमध्ये मोठा फरक पडत नाही. खरा फरक हवा तर आधी चेलेक्स रेझिनने कॅल्शियम काढलेल्या सीरममध्ये ०.०३ मिलिमोलरवर दोन-तीन आठवडे वाढवून मग २.८ वर न्यावं लागतं. त्यापेक्षा प्रायमरी केराटिनोसाइट मिळाल्या तर बरं: ०.०६ मिलिमोलरवर वाढवा, भरल्या की १.२ ते १.८ वर न्या. सोबत केराटिन-१० आणि लोरिक्रिन (पेशी परिपक्व झाल्याच्या खुणा) यांच्या अँटिबॉडी लावा. तेच आले नाहीत तर १४ कुठून येणार?

आणखी एक. डिशमध्ये मीडियमखाली बुडालेल्या पेशींत बहुधा फक्त २८ किलोडाल्टनचा न तुटलेला प्रोएन्झाइम (सक्रिय होण्याआधीचं रूप) दिसतो. १७ आणि ११ चे तुकडे दिसले नाहीत म्हणून घाबरू नका. पृष्ठभाग हवेला उघडा ठेवल्याशिवाय खरा कॉर्नियम बनत नाही.

ब्लॉट_आणि_भाकरी
वरचं सगळं बरोबर, पण ट्रान्स्फरही सुधारायला हवा. ०.४५ ची मेम्ब्रेन आणि ९० मिनिटं म्हणजे ११ किलोडाल्टनचा तुकडा मेम्ब्रेनमधून आरपार. ०.२ मायक्रॉन घ्या, १५ टक्के जेल, २० टक्के मिथेनॉल, १०० व्होल्टवर ४५ मिनिटं. टाकीत बर्फाचा ठोकळा ठेवाच. मेमधल्या बडोद्यात एसी गेला की बफर बघता बघता तापतो आणि जेल पसरतं. पहिल्यांदा मागे दुसरी मेम्ब्रेन लावा. तिच्यावर लहान बँड सापडला तर वेळ आणखी कमी करा.

डेटाशीटवर इम्युनोजेन (अँटिबॉडी प्रोटीनच्या कोणत्या भागावर बनवली ते) बघा. अँटिबॉडी एन-टोकाकडची असेल तर १७ चा तुकडा दिसेल, ११ चा कधीच नाही. सी-टोकाकडची असेल तर उलट. दोन्ही एका अँटिबॉडीत शोधत बसणारे पुष्कळ असतात.

दांडियाबाजारकर
खूप आभार! पण मग पॉझिटिव्ह कंट्रोल काय लावू? प्रायमरी पेशी आमच्याकडे नाहीत. आणि डीईव्हीडी नको तर अ‍ॅक्टिव्हिटी कशी मोजायची?

विश्वामित्रीकाठ
कंट्रोल तुमच्या हातावरच आहे. टेप स्ट्रिपिंग, म्हणजे चिकट चकतीने त्वचेचा वरचा थर उचलायचा.

स्वतःचा हात असला तरी मानवी नमुना आहे, आधी संस्थेच्या नीतिशास्त्र समितीला विचारा. मग कोपराखालची आतली बाजू घ्या. आदल्या दिवसापासून क्रीम, तेल काही नको. रेटिनॉइड मलम लावणाऱ्याचा नमुना नको. २२ मिलिमीटरच्या चिकट चकत्या मिळतात त्या वापरा. घरगुती टेपचा गोंद बफरमध्ये उतरतो आणि लेन चिकट, पसरट येते. पहिल्या दोन चकत्या टाकून द्या, त्यांच्यावर मळ आणि साबण असतो. पुढच्या पाच एकत्र करा, ट्रिस-सलाइनमध्ये ०.१ टक्के ट्वीन-२० घालून बर्फात १५ मिनिटं सोनिकेट करा, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी घ्या. प्रोटीन मोजताना, एवढं ट्वीन असलं की ब्रॅडफर्ड खोटं बोलतो, बीसीए वापरा. आणि डीटीटी बीसीए झाल्यावरच घाला. ५ ते १० मायक्रोग्रॅम लोड केलं तरी पुरतं.

या लेनमध्ये १७ चा किंवा ११ चा बँड ठळक यायला हवा. आला तर तुमची अँटिबॉडी ठीक आहे, पैसे वाचले. अ‍ॅक्टिन आणि जीएपीडीएच मात्र या लेनसाठी कंट्रोल म्हणून धरू नका, मेलेल्या थरात त्यांचा भरवसा नाही. मेम्ब्रेनवरचं सगळं प्रोटीन दाखवणाऱ्या पॉन्सो रंगाचा फोटो काढून ठेवा आणि तोच लावा.

नमुने महिनोन्‌महिने गोळा करणार असाल तर आपल्या हवेचा विचार करा. फिलाग्रिन किती तुटतं हे बाहेरच्या आर्द्रतेवरही ठरतं. अगदी दमट हवेत ते मंदावतं. मेमधली कोरडी दुपार आणि ऑगस्टमधली चिकचिक एका आलेखात टाकली तर फरक औषधाचा की पावसाळ्याचा, हे सांगता येणार नाही. एका अभ्यासाचे नमुने एकाच हंगामात घ्या, आणि नमुन्याआधी २० ते ३० मिनिटं माणूस एसीत बसवा.

थरावर_थर
अ‍ॅक्टिव्हिटीबद्दल. सब्स्ट्रेट डब्ल्यूईएचडी-एएमसी (तुटला की चमकतो), १० मायक्रोमोलर. साध्या कॅस्पेज बफरमध्ये हे एन्झाइम जवळपास झोपलेलं असतं, १.३ मोलर सोडियम सायट्रेट लागतं, त्याने त्याची घडी आवळली जाते. बाकी १०० मिलिमोलर हेपीस पीएच ७.५, ६० मिलिमोलर सोडियम क्लोराइड, ०.०१ टक्के चॅप्स, ५ मिलिमोलर ताजं डीटीटी.

नेहमीच्या सवयीने दुप्पट ताकदीचा बफर करायला जाल तर फसाल: २.६ मोलर सायट्रेट विरघळतच नाही. १.४५ मोलरचा करा, म्हणजे ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट १० मिलिलिटरला ४.२६ ग्रॅम. त्यातला ९० मायक्रोलिटर आणि नमुना १० मायक्रोलिटर घेतला की बरोबर १.३ होतं. पीएच सायट्रेट घातल्यावर तपासा, आधी नाही. नमुना जास्त घातला तर प्रोटीन साका धरतं आणि गढूळपणाच प्लेट रीडरला फ्लुरोसन्ससारखा दिसतो, म्हणून सब्स्ट्रेटशिवायची विहीर हवीच. रीडिंग ३८०/४६०, ३७ अंशांवर तासभर, दर दोन मिनिटांनी. उतार घ्या, शेवटचा आकडा नको.

एक खोच आहे. डब्ल्यूईएचडी कॅस्पेज-१ लाही आवडतं, आणि इतक्या सायट्रेटमध्ये ८ व ९ सुद्धा उठून बसतात. टेपच्या नमुन्यात हा धोका कमी, पण हाकॅटच्या लायसेटमध्ये आकडा आला तरी तो १४ चाच असं लिहू नका. आधी कॅस्पेज-१४ च्या अँटिबॉडीने इम्युनोडिप्लिशन करा (म्हणजे १४ नमुन्यातून ओढून काढा), सोबत साध्या आयजीजीचा कंट्रोल ठेवा, आणि उतारात पडलेला फरक तेवढाच त्याच्या नावावर मांडा.