इंजिनीअरिंगची पदवी: खर्च आणि कमाईचा हिशोब कसा मांडावा?

लेकीसाठी (प्रश्न)

मुलीला मेकॅनिकल इंजिनीअर व्हायचंय. प्रवेश मिळतोय, पण फीची जवळजवळ सगळी रक्कम कर्जातून उभी करावी लागेल. दुसरा रस्ता तीन वर्षांच्या डिप्लोमाचा: फी निम्म्याहून कमी आणि कमाई वर्षभर आधी सुरू. घरात दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, पदवीचा पगार आयुष्यभर पुरतो. दुसऱ्याचं म्हणणं, हप्ते फेडण्यातच तिची उमेदीची वर्षं जातील. मला हे आकड्यांत बघायचंय. कुठून सुरुवात करू?

पंपघर

ताई, मी मेकॅनिकलची पदवी कर्ज काढून केली आणि माझ्या मामेभावाने त्याच वर्षी डिप्लोमाला प्रवेश घेतला. आज दोघंही कारखान्यांच्या देखभाल विभागात आहोत. त्यामुळे हा हिशोब मी वहीत दोन रकाने पाडून लिहीत आले आहे.

माझी पहिली चूक म्हणजे मी फी हाच खर्च धरला. दरवर्षी सुरुवातीला १०० उचलले असं धरा, चार वर्षांत ४००. व्याज १० टक्के, पहिला हप्ता शिक्षण संपल्यावर वर्षभराने. तोवर व्याज मुद्दलात मिळत गेलं, तर हप्ते सुरू होतात तेव्हा डोक्यावर ५६१ असतात! शिकतानाच व्याज भरत राहिलात तर ४०० चे ४०० च राहतात. कर्जाच्या कागदांत हे बारीक अक्षरात होतं. मी न वाचता सही केली.

दुसरा खर्च कुठल्याच पावतीवर दिसत नाही: न मिळालेला पगार. मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा भाऊ कमवत होता. त्यात माझा एक विषय राहिला, निकाल सहा महिने लांबला. तेवढी कमाई गेली, व्याज मात्र थांबलं नाही. म्हणून 'वेळेत पास झाली नाही तर' असा एक रकाना आधीपासून ठेवा.

माझा पहिला पगार त्याच्यापेक्षा साधारण चतुर्थांशाने जास्त होता. हप्ता गेला की हातात त्याच्याहून कमीच उरायचं. पाच वर्षं असंच चाललं. एकूण कमाईत मी त्याला गाठलं अकराव्या वर्षी.

गाठलं ते कशामुळे, हेही सांगते. भाऊ बेअरिंगच्या (यंत्राचा फिरता भाग पेलणाऱ्या कड्याच्या) घरावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवून दांडा कानाला लावतो आणि कुठलं बेअरिंग जाणार ते सांगतो. ते मला आजही तितकं जमत नाही. पण आमच्याकडे एका पंपाचं बेअरिंग वर्षात तीनदा गेलं, दर वेळी बदललं, तेव्हा खोट बेअरिंगमध्ये नव्हतीच. गरम पाइप लांबून पंपाला ढकलत होता आणि कपलिंगचं (पंप आणि मोटर जोडणाऱ्या भागाचं) अलाइनमेंट, म्हणजे दोन्ही एका रेषेत असणं, बिघडत होतं. ते मी कागदावर काढून दाखवलं, पाइपची रचना बदलून घेतली. पुढची बढती त्यावरच मिळाली. फीतून मला मिळालं ते हे. ज्या कॉलेजात हे शिकवत नाहीत, तिथली पदवी मी फुकटही घेणार नाही.

आणि 'सरासरी पॅकेज' हा आकडा वहीत अजिबात घेऊ नका. दहा जणांपैकी नऊ जणांना ३ आणि एकाला ४० मिळाले तर सरासरी ६.७ निघते. मधल्या मुलाला मिळतात ३ च. प्रवेश घेतलेल्या किती मुलांना नोकरी लागली तेही विचारा. पुष्कळदा टक्केवारी फक्त मुलाखतीला पात्र ठरलेल्यांवर काढतात.

पुन्हा वेळ आली तर मी पदवीच घेईन, पण व्याज पहिल्या महिन्यापासून भरेन.

झीज

पंपघर यांना +१. अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्येच खर्चिक शिक्षण घेतलेल्या माणसाची तुलना महागड्या यंत्राशी केली होती: झिजण्याआधी त्यातून भांडवल आणि वर नेहमीचा नफा सुटायला हवा. झीज इथेही आहेच. डेव्हिड डेमिंग आणि कदीम नोरे यांनी २०२० मध्ये अमेरिकेतल्या पदवीधरांबद्दल दाखवलं की इंजिनीअरिंगसारख्या शाखांचा पगारातला वरचढपणा सुरुवातीला सर्वांत जास्त असतो, पुढे कौशल्यं जुनी होतात तसा घटतो. म्हणून पगारातला फरक चाळीस वर्षं तसाच राहील असं धरू नका.

दुसरी_बाजू

एक भर. परदेशी काम करायचा विचार असेल तर पदवी वॉशिंग्टन करारात बसते का ते बघा (१९८९ पासून, सदस्य देश एकमेकांच्या मान्यताप्राप्त पदव्या मानतात). तंत्रज्ञांच्या शिक्षणासाठी डब्लिन करार आहे, २००२ चा; डिप्लोमा त्यात बसतो का तेही बघा.

लेकीसाठी

मनापासून आभार. रात्री तिच्यासमोर वही उघडली. व्याजाचा रकाना बघून ती गप्प झाली, मग म्हणाली, दरमहा व्याजापुरतं शिकवण्या घेऊन भरेन. आणि पंपघर, तिने तुम्हाला विचारायला सांगितलंय: पाइप असा किती लांबला होता?

पंपघर

तिला सांगा, स्टीलचा पाइप १०० अंशांनी तापला की मीटरमागे साधारण १.२ मिमी वाढतो. आमचा १० मीटरचा होता, म्हणजे १२ मिमी. एक टोक पक्कं बांधलेलं, दुसऱ्या टोकाला पंप. ही वाढ सामावून घ्यायला मधे कुठेही वळण दिलेलं नव्हतं.