दिएगो देल गास्तोर: पुस्तक नाही, टेप आहे

स्पेनचे फ्लेमेंको गिटारवादक दिएगो यांच्या फाल्सेता (गिटारवर वाजवायचे छोटे सुरावटीचे तुकडे) लिहिलेलं छापील पुस्तक हाताशी नसेल, तर शिकायचं कशावरून, हा प्रश्न रास्तच. मोरोन गावचे हे गुरुजी १९७३ मध्ये गेले. मागे राहिल्या त्या त्यांच्या वादनाच्या टेपा. पुस्तकापेक्षा त्याच बऱ्या, कागदावर अंगठ्याचं वजन उतरत नाही.

टेप निम्म्या वेगाने लावा, सूर बरोबर एक सप्तक खाली येतो. आधी कापो (तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) कुठे लावलाय ते ओळखा: बुलेरियात (फ्लेमेंकोचा बारा मात्रांचा एक प्रकार) मुक्कामाचा ए मेजर कानाला सी वाटला, तर कापो तिसऱ्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या तिसऱ्या घरात). (जुनी टेप थोडी चढी-उतरी असायचीच.) घोळ होतो तो तालात. बारा मात्रांत जोर १२, ३, ६, ८, १० वर. मोजणी १२ पासूनच धरा. एकला सम समजलात तर अख्खी फाल्सेता एक मात्रा सरकते.