अमेरिकेतल्या मोठ्या कॉलेजांना अर्ज: मुलीकडे दाखवण्यासारखं काय?

पेडण्याची आई:
नमस्कार. मुलगी अकरावी सायन्सला आहे. पुढच्या वर्षी तिला एमआयटी, प्रिन्स्टन अशा ठिकाणी अर्ज करायचाय. मार्क उत्तम आहेत. पणजीला एका सल्लागाराकडे गेलो, तर ते म्हणाले, मार्क सगळ्यांनाच असतात. तिच्या नावाने संस्था काढा, रिसर्च पेपर छापून घ्या. फी ऐकून परत आलो. आमची मुलगी भजनाला पेटी वाजवते आणि उन्हाळ्यात आगरवाड्याला माझ्या माहेरच्या मिठागरावर मामाबरोबर असते. तिथे वहीत काहीबाही लिहीत बसते. एवढ्यावर तिला कोण विचारणार?

म्हापशेकर:
एसएटीची, म्हणजे तिथल्या कॉलेजांसाठीच्या परीक्षेची, तयारी आत्तापासून करू द्या. एमआयटीने ती 2022 साली पुन्हा सक्तीची केली. बाकी जाणकार सांगतील.

फोंड्याच्या बाई:
ताई, ती वही आधी जपून ठेवा. मी हायर सेकंडरीला फिजिक्स शिकवते, बाहेर जाणाऱ्या मुलांची शिफारसपत्रं लिहिते, म्हणून कळकळीने सांगते: संस्था काढू नका. बरीचशी कॉलेजं घेतात त्या कॉमन अ‍ॅप नावाच्या सामाईक ऑनलाइन अर्जात दहा उपक्रमांची जागा असते. प्रत्येकाला जेमतेम 150 अक्षरं, आणि कुठल्या इयत्तेत, आठवड्याला किती तास, वर्षाला किती आठवडे, हेही लिहायचं असतं. बारावीच्या तोंडावर काढलेली संस्था तिथे लगेच कळते.

वाचणारी माणसं अर्जाबरोबर शाळेची माहितीही बघतात. जे हाताशी होतं त्यातून या मुलीने काय केलं, हा त्यांचा प्रश्न. पेडण्यात मिठागर हाताशी आहे. पाणी कुठल्या वाफ्यात कधी सोडलं, मीठ कधी धरलं, अवकाळी पावसाने किती गेलं, हे ती लिहीत असेल तर तिने शाळेच्या लॅबमधलं हायड्रोमीटर, म्हणजे पाण्याची घनता मोजणारी काचेची नळी, मागून घ्यावं. खारं पाणी साधारण 25 अंश बोमेला (बोमे हे घनतेचं एक माप) आलं की मीठ धरू लागतं. मामा ते नुसत्या नजरेने ओळखत असणार. त्याची नजर आणि काच कुठे जुळतात, कुठे नाही, हे हंगामभर टिपून ठेवणं मला कुठल्याही विकत घेतलेल्या पेपरपेक्षा मोलाचं वाटतं. पण तिला स्वतःला ते जाणून घ्यायची ओढ हवी. नसेल तर जबरदस्ती करू नका, पेटी आहेच. भजनात साथ करणाऱ्याला दुसऱ्याचा श्वास ऐकावा लागतो. निबंधाला 650 शब्दांची मर्यादा असते, त्यात असं एकच काहीतरी नीट मावतं.

शिफारसपत्रासाठी सर्वात जास्त मार्क दिलेले सर शोधू नका. तिने ज्यांना वर्ग सुटल्यावर अडवून प्रश्न विचारलेत, त्यांना गाठा आणि वही दाखवा. दुसरं, कौन्सेलरचा रिपोर्ट लागतो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कौन्सेलर नसतात, तो प्रिन्सिपलनी भरायचा. त्यांना ईमेलवर लिंक येते, आणि पहिल्यांदाच बघणारा माणूस गोंधळतो. जूनमध्येच जाऊन बोला.

एवढं करूनही बहुतेकांना नकारच येतो, हे तिला आधी सांगा. शंभरांत पाचसुद्धा घेत नाहीत. इथलीही प्रवेश परीक्षा तिने द्यावीच.

डिचोलीकर, मुक्काम बॉस्टन:
बाईंशी सहमत. पैशांचं मी सांगतो. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ इथे परदेशी मुलांनी मदत मागितली म्हणून प्रवेशाच्या निर्णयात फरक पडत नाही, आणि प्रवेश मिळाला तर घरच्या ऐपतीपलीकडचा खर्च कॉलेज उचलतं. स्टॅनफर्डला परदेशी मुलांच्या बाबतीत फरक पडतो. उत्पन्नाचे कागद आत्ताच एकत्र करा. मिठागराचं उत्पन्नही दाखवावं लागेल. आणि अर्ली डिसिजनची, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर करायच्या अर्जाची, सही विचार करून करा, त्यात प्रवेश मिळाला की जाण्याचं बंधन असतं.

पेडण्याची आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. वही मराठीत आहे, मधे मधे मामाचे कोंकणी शब्द. चालेल का? आणि शाळेतलं हायड्रोमीटर फुटलंय म्हणते.

फोंड्याच्या बाई:
वही मराठीतच राहू दे. अर्जात ती तिच्याबद्दल इंग्रजीत लिहील, मामाचे शब्द तसेच ठेवून. हायड्रोमीटर माझ्याकडे एक जास्तीचं आहे. शनिवारी म्हापशाला येतेय, स्टँडवर मुलीला पाठवा. वही घेऊन येऊ दे, मलाही बघायचीय.