मदत हवी आहे: आईच्या पित्तनलिकेत खडा, ईआरसीपी सांगितली आहे

नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

आई ६७ वर्षांची, कराडजवळ गावी असते. दिवाळीपासून जेवण झालं की उजव्या बरगडीखाली दुखायचं, कळ पाठीत जायची. आपल्याकडे 'पित्त झालंय' म्हटलं की त्यात सगळंच खपतं. आमसुलाचं सार झालं, सकाळची अॅसिडिटीची गोळी झाली, साबुदाणा बंद झाला. गेल्या रविवारी घरी गेलो तेव्हा ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती. वर बघितलं तर डोळे पिवळेजर्द. लघवी कोऱ्या चहासारखी होतेय आणि रात्रभर तळपाय खाजतात, हे विचारल्यावर सांगितलं. शौचाला पांढुरकं होतंय, हे मात्र डॉक्टरांनी विचारेपर्यंत बोलली नाही.

त्याआधी शेजारच्या काकू तिला कावीळ उतरवणाऱ्याकडे घेऊन गेल्या होत्या. चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळं झालं, 'उतरली' म्हणून परत. आठवडा त्यातच गेला.

रिपोर्ट असे: बिलिरुबिन (काविळीत रक्तात वाढणारा पिवळा घटक) ६.८, त्यातलं डायरेक्ट ५.१. सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक बारीक बरेच खडे, मुख्य नलिका फुगून ११ मिमी. एमआरसीपीत (पित्तनलिकांचा एमआरआय) नलिकेच्या अगदी खालच्या तोंडाशी ९ मिमीचा खडा. ताप नाही. डॉक्टर म्हणतात, आधी ईआरसीपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून नलिकेतला खडा काढू, मग दुर्बिणीने पित्ताशय.

अडचण अशी की २०२१ मध्ये तिला हृदयाचा स्टेंट बसवलाय. क्लोपिडोग्रेल आणि अॅस्पिरिन, रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन्ही गोळ्या चालू आहेत. ती बंद केली तर हृदयाचं काय, नाही केली तर रक्तस्रावाचं काय? आणि दोन्ही कामं एकदमच का करत नाहीत? डॉक्टरांनी 'कदाचित आत स्टेंट ठेवू' म्हटल्यापासून आईने धसकाच घेतलाय. तिला वाटतंय पुन्हा हृदयातच काहीतरी घालणार. अनुभव असणाऱ्यांनी कृपया लिहा.

कोयनाकाठ:
माझी झाली आहे तीन वर्षांपूर्वी. आईंना सांगा, पोटावर एकही टाका नसतो. आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतात, पालथं झोपवतात, दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी देतात आणि झोपेचं इंजेक्शन. मला त्या कडीची चव आठवते, पुढचं काही नाही. नंतर दोन दिवस घसा खवखवत होता.

स्टेंटचं म्हणाल तर हा प्लॅस्टिकच्या बारीक नळीचा तुकडा, पित्त वाहतं राहावं म्हणून नलिकेत ठेवतात. हृदयाशी संबंध नाही. पण एक चूक मी केली ती तुम्ही करू नका. तो साधारण तीन महिन्यांत काढायचा असतो, नाहीतर गाळ बसून तुंबतो. मी बरा झालो आणि विसरलो. सातव्या महिन्यात थंडी वाजून १०३ ताप. तारीख आजच कॅलेंडरवर लिहा.

दुसरीपाळी:
मी एंडोस्कोपी विभागात काम करते. डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्यांचा निर्णय तुमच्या हृदयरोगतज्ज्ञांचाच. आमच्याकडे काय होतं तेवढं सांगते. नलिकेच्या तोंडाशी स्नायूचा वळसा असतो, त्याला छोटी चीर द्यावी लागते. रक्तस्रावाची भीती तिथली. अशा पेशंटची क्लोपिडोग्रेल साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवतात, अॅस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नका. दरम्यान हुडहुडी भरून ताप आला, तर ठरलेल्या तारखेची वाट बघायची नाही, त्याच रात्री दवाखाना. तशा वेळी चीर न देता नुसता स्टेंट टाकूनही पित्ताला वाट करून देता येते.

चीर दिली की बारीक बलून किंवा तारेची जाळी वर सरकवून खडा खाली ओढतात. ९ मिमी म्हणजे आटोक्यातला. मोठे असले तर आतच फोडावे लागतात. दोन्ही एकदम काही ठिकाणी करतात, पण ईआरसीपी पोटाच्या डॉक्टरांची आणि पित्ताशय सर्जनचं, दोघांची मोट बांधणं सगळीकडे जमत नाही.

धोका विचारा स्वादुपिंडाला सूज येण्याचा. शंभरात तीन ते दहा जणांना येते, बहुतेकांची दोन-चार दिवसांत उतरते, क्वचित गंभीर होते. ती टाळायला गुदमार्गातून एक औषध देतात, त्याबद्दल आधी बोलून घ्या. आणि आई 'नवीन प्रयोग नको' म्हणत असतील तर सांगा, ही चीर देण्याची पद्धत १९७४ पासून आहे.

चहाबाज:
चुन्याच्या पाण्यात कावीळ नसलेल्या माणसालाही हात धुवायला लावा, त्याचंही पाणी पिवळं होईल. हाताला आधी काय चोळतात ते बघा. बाकी खर्चासाठी महात्मा फुले योजनेतलं रुग्णालय असेल तर रेशनकार्ड घेऊन तिथल्या आरोग्यमित्राला गाठा, दाखल होण्याआधीच.

धागाकर्ता (नऊ दिवसांनी):
सगळ्यांचे आभार. हृदयाच्या डॉक्टरांनी क्लोपिडोग्रेल पाच दिवस थांबवली, अॅस्पिरिन चालू ठेवली. परवा ईआरसीपी झाली, पाऊण तास लागला. त्या रात्री पोट जरा दुखलं, पण सकाळची तपासणी ठीक आली आणि दुपारी पेज प्यायली. औषधाचं विचारलं होतं, ते दिलं. आज बिलिरुबिन ३.९. खाज अजून आहे, पण रात्री झोप लागली.

आई मात्र नाराज. काकूंना दाखवायला खडा हवा होता. डॉक्टर म्हणाले, नलिकेतून ओढला की आतड्यातच सोडतो, तो आपोआप जातो. 'एवढा त्रास दिला आणि बघायलाही मिळाला नाही!' पित्ताशयातले डबीत देतील असं कबूल करून घेतलंय.

ते ऑपरेशन येत्या गुरुवारी आहे. आता पुढचा प्रश्न: मधल्या दिवसांत क्लोपिडोग्रेल पुन्हा सुरू करायची की गुरुवारपर्यंत तशीच थांबवायची? सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर एकमेकांकडे बोट दाखवतायत. कुणाच्या घरी असं झालं असेल तर दोघांना एकत्र बोलायला कसं लावलं, ते सांगा.