मेक्सिकोत बाजारात घेतलेली आखूड रुंद तलवार, खरी एस्पादा आंचा आहे का? फोटो जोडलेत

खानदेशी_गडी
नमस्कार मंडळी. कामानिमित्त सध्या ग्वादालाहाराला असतो. मेक्सिको सिटीत गेलो की रविवारी लागुनिया बाजारात चक्कर असतेच, तिथे जुन्या वस्तूंची गल्ली आहे, यावेळी एका काकांकडे ही दिसली आणि हात काही थांबला नाही. पातं दीड फुटाच्या आसपास, चांगलं रुंद, एकाच बाजूला धार, बोटांवरून येणारी लोखंडी पट्टी आणि बाहेरच्या बाजूला शिंपल्याच्या आकाराचा छोटा गार्ड, त्यावर ठिपके आणि रेघांची ओबडधोबड नक्षी. मूठ शिंगाची, दोन फाका रिवेट मारून बसवलेल्या. म्यान नाही. पात्यावर स्पॅनिशमध्ये कोरलंय "नो मे साकेस सिन रासोन, नो मे एनवायनेस सिन ओनोर", म्हणजे कारणाशिवाय उपसू नकोस आणि अब्रू राखल्याशिवाय म्यान करू नकोस. काकांचं म्हणणं ही टोलेडोची, म्हणजे तलवारींसाठी नावाजलेल्या स्पेनमधल्या गावची आहे आणि थेट मेक्सिको जिंकणाऱ्या स्पॅनिश कोर्तेसच्या सैनिकांची. आता कोर्तेस आला १५१९ ला, तेवढी जुनी असती तर ती प्लास्टिकच्या खुर्चीवर कशाला पडली असती, पण म्हटलं असो.
विचारायचं हे की खरी किती जुनी असेल, साफ कशी करू आणि पुढेमागे नाशिकला घरी नेता येईल का. सोबत एक माचेते, म्हणजे झाडंझुडपं तोडायचा लांब कोयता, पण घेतलाय, त्यावर मुकुट, त्यातून बाहेर आलेला हातोडा धरलेला हात आणि खाली लेगितिमुस असा शिक्का आहे.

गंजका_सोना
अरे वा, फोटो झकास आहेत. मी सॅन अँटोनियोला राहतो, इथे टेक्सासमध्ये या तलवारी अधूनमधून लिलावाला येतात म्हणून हाताळायला मिळाल्यात. आकार तर सरळ सरळ एस्पादा आंचाचा. ही कोर्तेसच्या काळातली गोष्टच नाही, ही अठराव्या शतकातली आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीची, न्यू स्पेन, म्हणजे तेव्हाची इथली स्पॅनिश वसाहत, तिच्या उत्तर सरहद्दीवरची, म्हणजे सोनोरा, चिवावा, न्यू मेक्सिको, टेक्सास हा सगळा पट्टा. तिथल्या लष्करी ठाण्यांना प्रेसिदिओ म्हणायचे आणि त्यांच्यासाठी १७७२ ला जे नियम काढले त्यात सैनिकाच्या हत्यारांत एस्पादा आंचा, भाला, चामड्याची ढाल, बंदूक आणि पिस्तुलं अशी यादीच दिलीये. घोड्यावर खोगिराला लटकवायची, आणि खरं सांगायचं तर लढाईपेक्षा काटेरी झुडपं तोडायलाच जास्त वापरली गेली असणार, म्हणून तर आखूड आणि रुंद.
बऱ्याचशा स्थानिक लोहारांनी बनवलेल्या, त्यामुळे बनवणाऱ्याचा शिक्का सहसा नसतो आणि काहींची पाती तर मोडलेल्या लांब तलवारी कापून केलेली. अर्जेंटिनात गाउचो, म्हणजे घोड्यावरून गुरं राखणाऱ्या लोकांचा फाकोन नावाचा मोठा सुरा असतो, त्यातही हाच प्रकार, जुनी तलवार किंवा संगीन कापायची आणि नवी मूठ चढवायची. म्हणून पात्याचं वय वेगळं, मुठीचं वेगळं आणि त्यावरच्या अक्षरांचं आणखीनच वेगळं असू शकतं, तिन्ही सुटं सुटं तपासायचं.
तुझ्या तलवारीत मला नक्षी आणि गार्ड आवडले, ते जुने वाटतात. खटकतंय ते कोरलेलं वाक्य. ते वाक्य शोभतं घोडदळाच्या लांब सरळ दुधारी तलवारीला, १७२८ चं मॉडेल म्हणतात ते, दोन शिंपल्यांचा गार्ड असतो, इंग्रजीत तिला बिल्बो म्हणतात. सरहद्दीवरच्या लोहाराने आखूड पात्यावर एवढं नीट लिहिलं असेल हे जरा जड जातंय.

कोथरूडचा_मावळा
मग भवानी तलवार पण टोलेडोचीच होती ना? कुठेतरी वाचलं होतं.

गंजका_सोना
हा प्रश्न येणारच होता 😄 लोक टोलेडो म्हणतात कारण टोलेडोचं नाव मोठं. आपल्याकडच्या फिरंगेचं पातं युरोपातून यायचं आणि मूठ इथली असायची, एवढं पक्कं, पण युरोप म्हणजे एक गाव नव्हे. जर्मनीतल्या सोलिंगनचे लोक धडाधड पाती बनवायचे आणि त्यावर टोलेडोच्या नामांकित कारागिरांची नावं ठोकायचे, सहागुन, तोमास दे आयाला वगैरे, स्पेलिंगही चुकलेली असतात कधी कधी. कोल्हापूरहून १८७५-७६ ला प्रिन्स ऑफ वेल्सला दिलेली जी तलवार आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे तिच्या पात्यावर आय एच एस असा ख्रिस्ती शिक्का आहे, पण त्यावरून गाव कळत नाही. आणि २०२५ ला सरकारने लंडनच्या लिलावातून परत आणलेली रघूजी भोसल्यांची तलवार बघ, पातं युरोपियन बनावटीचं आणि वर देवनागरीत मालकाचं नाव. भवानीवर वेगळा धागा काढ प्लीज, इथे या गड्याच्या तलवारीचं बघू.

माद्रिदकर_वहिनी
मी माद्रिदला असते आणि इथल्या एल रास्त्रो बाजारात दर रविवारी टोलेडोचा पूर आलेला असतो. एक साधी चाळणी लावा. टोलेडोला सरकारी कारखाना स्पेनचा राजा कार्लोस तिसऱ्याने १७६१ ला काढला, त्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या लष्करी मालावर फाब्रिका दे तोलेदो आणि बहुतेक वेळा वर्ष असं बारीक, मुठीजवळ, सरळ लिहिलेलं असतं. भलंमोठं तोलेदो, सोनेरी वेलबुट्टी, दोन सिंह वगैरे असेल तर ते पर्यटकांसाठी. आणि इंग्रजीत स्पेन असं लिहिलं असेल तर विषयच संपला, अमेरिकेत जाणाऱ्या मालावर देशाचं नाव इंग्रजीत टाकायची सक्ती १८९० च्या कायद्याने आली, म्हणजे माल त्यानंतरचा.
आणि वाक्यांवर तर बिलकुल जाऊ नका हो. माझ्याकडे एक नवाखा आहे, म्हणजे इथला घडीचा मोठा चाकू, उघडताना करकर असे दात वाजत जातात, त्या दातांच्या यंत्रणेला कर्राका म्हणतात आणि मागची कडी ओढल्याशिवाय तो मिटत नाही. त्याच्या पात्यावर लिहिलंय "सि एस्ता विबोरा ते पिका, नो आय रेमेदिओ एन ला बोतिका", ही नागीण डसली तर औषधाच्या दुकानातही उतारा नाही. आपल्या ट्रकमागच्या शेरोशायरीसारखं आहे ते, ज्याला जे आवडेल ते लिहून घ्यायचा. हे चाकू म्हटलं की अल्बासेते हे गाव, २००४ पासून तिथे चाकूंचं म्युझियमच आहे, पण एकोणिसाव्या शतकात स्पेनमध्ये विकले गेलेले कितीतरी नवाखे फ्रान्समधल्या तिएर गावात बनलेत, स्पॅनिश वाक्यासकट. वाक्य स्पॅनिश, चाकू फ्रेंच, बोला आता.
तुम्ही भिंग घ्या आणि अक्षरांच्या रेघा बघा. छिन्नीने कोरलेल्या रेघेच्या कडा किंचित वर उचललेल्या असतात आणि तळ व्हीच्या आकाराचा, अॅसिडने खाल्लेलं असेल तर तळ सपाट. आणि मुख्य म्हणजे गंजाने पडलेले खड्डे अक्षरांना खातात की अक्षरं खड्ड्यांवरून जातात ते बघा, पहिलं असेल तर अक्षरं जुनी.

खानदेशी_गडी
वहिनी भारीच टीप. ऑफिसातल्या मित्राकडे घड्याळजीचं भिंग होतं, तेच लावलं. रासोनमधला पहिला आर एका खोल खड्ड्यावरून गेलाय आणि रेघ चक्क खड्ड्याच्या आत उतरलीये, तिथला तळ बाकीच्या पात्यापेक्षा उजळ दिसतो. तळ सपाट आहे. दुसरं म्हणजे शिंगाच्या फाका थोड्या आकसल्यात, रिवेटची डोकी वर आलीत, बोट फिरवलं तर टोचतात, आणि एका कडेला किड्यांनी खाल्ल्यासारखी नाळी आहे. फाकांच्या फटीत आतमध्ये काळा गंज दिसतो, तांबूस नाही. नवे फोटो टाकलेत.

गंजका_सोना
मग उत्तर मिळालं की. तलवार जुनी, वाक्य नंतरचं. शिंग असं आकसायला आणि रिवेट वर यायला बराच काळ जावा लागतो, कीड पण सहसा घाईत लावता येत नाही, आणि काळा घट्ट गंज मुठीखाली आहे म्हणजे पातं आणि मूठ बरीच वर्षं एकत्र नांदलीत. बनवून जुनं केलेलं असतं तर गंज सगळीकडे सारखा आणि केशरी दिसला असता. माझा अंदाज अठराव्याचा शेवट ते एकोणिसाव्याची पहिली दोन-तीन दशकं. पुढे कुठल्यातरी विक्रेत्याने भाव वाढवायला अॅसिडने वाक्य टाकलं, आणि गंमत म्हणजे त्यानेच भाव उतरवला, कोरी असती तर लिलावात जास्त मागणी आली असती. चापुल्तेपेकच्या किल्ल्यातल्या म्युझियममध्ये वसाहतकाळातली हत्यारं आहेत, जाऊन गार्डची नक्षी ताडून बघ.
माचेते कॉलिन्सचा, मेक्सिकन नाही. कनेक्टिकटमधल्या कॉलिन्सव्हिलचा कारखाना, १८२६ पासून १९६६ पर्यंत, अख्ख्या लॅटिन अमेरिकेला कुऱ्हाडी आणि माचेते पुरवले त्यांनी. जुन्यांवर हार्टफर्ड असं लिहिलेलं असतं, ते शोध. हा शिक्काही लोकांनी भरपूर ढापलाय.
साफसफाई म्हणजे काहीही नको. चिंच नको, लिंबू नको, पितांबरी तर अजिबात नको. बारीकातली बारीक स्टील वूल, झिरो झिरो झिरो झिरोवाली, मशीन ऑइलमध्ये बुडवून फक्त सुटा तांबडा गंज काढ, काळा थर राहू दे. शिंगाला पाणी लावू नकोस.

सातपूरचा_वकील
नेण्याबद्दल बोलतो. आधी मेक्सिकोकडून, त्यांचा १९७२ चा वारसा कायदा आहे आणि सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकातल्या वस्तू त्यात अडकू शकतात, त्यामुळे देशाबाहेर काढायच्या आधी आयएनएएच या तिथल्या पुरातत्त्व खात्यात जाऊन लेखी काय ते विचार. पावती घेतली नसशील तर काकांकडून आत्ताच घे, हाताने लिहिलेली का असेना. इकडे आपला शस्त्र कायदा १९५९ चा, नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद पात्याची तलवार, खंजीर, सुरा हे शस्त्रातच मोजतात, घरगुती आणि शेतीच्या अवजारांना सूट आहे. म्हणजे तुझा माचेते शेतीचं अवजार म्हणून एखादवेळेस वाद घालून सुटेल, तलवार नाही. बॅगेत टाकून मुंबईला उतरलास तर कस्टम्सवाला कौतुक करणार नाही. आणि एकदा भारतात आली की शंभर वर्षांवरची वस्तू म्हणून पुरावशेष कायद्याखालीही येऊ शकते, मग परत बाहेर न्यायची म्हटलं तर वेगळाच व्याप.

खानदेशी_गडी
बापरे. म्हणजे तूर्तास ग्वादालाहारातच राहू दे. बायकोला फोटो पाठवला तर म्हणाली नाशिकच्या विळीला काय झालंय. पावतीसाठी पुढच्या रविवारी काकांना गाठतो, आणि माचेतेवर हार्टफर्ड आहे, अर्धंच उठलंय पण वाचता येतंय.

माद्रिदकर_वहिनी
गार्डच्या आतल्या बाजूचा पण एक फोटो टाका ना, बोटं जिथे घासतात तिथला. नक्षी तिथे गुळगुळीत झालीये का ते बघायचंय.