एका खोलीसाठी मायटर सॉ? काहीही!

काटकोन
परवा इथे एका सदस्याने ठणकावून लिहिलं की घरी लॅमिनेट फ्लोअरिंग (फरशीवर एकमेकींत अडकवायच्या लाकडी डिझाइनच्या फळ्या) करायचं तर आधी दहा इंची स्लाइडिंग मायटर सॉ (वरून खाली दाबून फळी आडवी किंवा कोनात कापायचं मशीन, पातं पुढे-मागे सरकणारं) घ्या, नाहीतर गप सुतार बोलवा, मधला मार्ग नाही. खाली 'अगदी बरोबर'ची रांग. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

अकरा बाय दहाची बेडरूम धरा. सर्रास मिळणारी फळी साधारण १२१५ बाय १९५ मिमी. भिंतीकडेने दहा-दहा मिमी सोडलं की सोळा ओळी बसतात. ओळीमागे एक आडवा काप, उरलेल्या तुकड्याने पुढची ओळ सुरू. म्हणजे अख्ख्या खोलीत सोळा-सतरा काप. आणि कापलेलं प्रत्येक टोक भिंतीकडे जाऊन स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीखाली लपतं. तिथे वाकून कोण बघणार आहे?

शेवटची ओळ मात्र उभी चिरावी लागते, जवळपास अर्ध्यात, चार-चार फुटांच्या तीन फळ्या. ते काम मायटर सॉ करूच शकत नाही, स्लाइडिंग असो नाहीतर सोन्याचा असो. दाराच्या चौकटीभोवतीच्या खाचा? त्यालाही जिगसॉच, म्हणजे अरुंद पातं वर-खाली चालवणारी हातातली विजेची करवत. मग ज्याच्यावाचून अडत नाही त्यात पंधरा-वीस हजार कशाला घालायचे? जिगसॉ, बारीक दातांचं पातं, गुण्या, एक सरळ पट्टी. झालं.

धायरीकर
'एका सदस्याने' म्हणजे मी. नाव घ्यायला लाज वाटली का?

तुमचा हिशेब एका खोलीचा, मी हॉल, पॅसेज आणि दोन बेडरूम केल्यात. बारा मिमीच्या फळीत जिगसॉचं पातं तिरकं पळतं. वरून सरळ रेघ दिसते, खाली बघा कुठे गेलंय ते. फळीच्या वरच्या थरात अॅल्युमिनियम ऑक्साइड असतं, ते जिगसॉचं पातं बघता बघता बोथट करतं. मग कडेचे टवके उडायला लागतात, तुम्ही जोर लावता आणि रेघ आणखी भरकटते. मायटर सॉवर साठ दाती कार्बाइडचं पातं लावा, फळी ठेवा, खाली दाबा, पुढची घ्या.

आणि स्लाइडिंग का म्हणालो? दहा इंची बिनस्लाइडिंग मशीन काटकोनात जेमतेम १३०-१४० मिमी रुंद कापतं. फळी १९५ची. उलटसुलट करून दोनदा कापत बसा मग.

काटकोन
कापतो की दोनदा! कापात केसभर पायरी पडली तरी ती स्कर्टिंगखालीच जाणार, हे वर लिहिलंय. तुमच्या शेवटच्या ओळी कशाने चिरल्या ते तेवढं सोयीस्कर गाळलंत.

धायरीकर
मित्राच्या टेबल सॉवर, टेबलातून वर आलेल्या पात्यावर फळी ढकलून. आणि स्कर्टिंग स्वतः कोण कापणार? कोपऱ्यातला ४५ अंशाचा काप जिगसॉने करून दाखवा, पेढे देतो.

काटकोन
आपल्या बिल्डरांच्या भिंती नव्वदच्या असतात असं समजणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार. आमच्या हॉलचा एक कोपरा ८८ भरला, समोरचा ९२. मशीनवर ४५ लावून अचूक कापलेल्या दोन पट्ट्या तिथे लावल्या की मधून मुंगी आरामात जाते. कोन मोजून अर्धा करायचा आणि त्याला करवत पुरते.

निवृत्त_वर्कशॉप
दोघेही हवेत भांडताय. प्रत्यक्षात पुण्यातल्या दहातले नऊ फिटर चार इंची मार्बल कटरला लाकूड कापायचं पातं लावून सगळं फ्लोअरिंग उरकतात, गार्ड काढून, चपलेत, एका हातात फळी धरून. ते मशीन मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्या मारतं. पातं अडकलं की उसळून अंगावर येतं. आमच्या शॉपमध्ये असला प्रकार दिसला असता तर गेटपास हातात दिला असता.

घ्यायचंच असेल तर दोन गोष्टी. मायटर सॉवर फळीचं डिझाइन वर, जिगसॉवर आणि हातातल्या कटरवर डिझाइन खाली, कारण दात ज्या बाजूने बाहेर पडतात तिथे टवके उडतात. आणि १८०० वॉटचं मशीन जवळजवळ आठ अँपियर ओढतं, सुरू होताना त्याहून बरंच जास्त. मोबाइल चार्जरच्या एक्स्टेंशनवर लावू नका, गीझरचा किंवा एसीचा १६ अँपियरचा प्लग शोधा. मास्क लावा. गॅलरीत कापणार असाल तर खालच्या मजल्यावर कपडे वाळत आहेत का बघा.

सहकारनगरी
सॉचं राहू द्या. मुळात पुण्यात लॅमिनेट करायचंच कशाला? आम्ही जुनी मोझॅक फरशी पॉलिश करून घेतली, विषय संपला. चुलतभावाने वाकडला हौसेने लॅमिनेट केलं. पहिल्याच पावसाळ्यात सांधे फुगले, आता अनवाणी चालताना कडा टोचतात. आत एचडीएफ, म्हणजे शेवटी दाबलेला भुसाच. पाणी सांध्यातून उतरलं की फुगतो आणि फुगलेला परत बसत नाही. फरशी पुसणाऱ्या बायकांना कितीही सांगा, फडकं पिळतच नाहीत.

बादली_फडकं
'बायकांना कितीही सांगा'? चुलतभावाने स्वतः एकदा तरी वाकून फरशी पुसली आहे का?

आमच्या मावशी रोज पाच घरं करतात. चार घरी 'भरपूर पाणी घ्या, डाग राहतात' म्हणून बोलणी खातात, पाचव्या घरी 'एवढं ओलं कशाला' म्हणून. मी पहिल्याच दिवशी चपटा मॉप आणून दिला, तो कसा पिळायचा ते सोबत उभं राहून दाखवलं. अजून एक सांधा फुगलेला नाही. लॅमिनेट निवडलं मालकाने, फुगल्यावर दोष बाईंचा. छान न्याय आहे!

सहकारनगरी
उगाच भलता अर्थ काढू नका. आमच्याकडे बाईंना दिवाळीला पूर्ण पगार देतो.

बादली_फडकं
पगाराचं कुणी विचारलं? फडक्याचं बोलत होतो. आणि गॅलरीतून आत येणारं पावसाचं पाणी कोण पुसतं, तेही सांगा.

सहकारनगरी
ते मीच पुसतो. जुलैमध्ये रोज.

बादली_फडकं
मग पिळून पुसता ना? मिटलं. आमच्या गॅलरीच्या दाराशी दीडेक फूट टाइल तशीच ठेवली आहे, लॅमिनेट त्याच्या अलीकडे संपवून वर अॅल्युमिनियमची पट्टी मारली. फिटर म्हणत होता वाईट दिसेल. दिसू दे.

निवृत्त_वर्कशॉप
पाण्याची एवढी भीती असेल तर एसपीसी घ्या. दगडाची भुकटी आणि पीव्हीसी, पाण्याने फुगत नाही. कटर-सुरीने दोन-तीनदा रेघ मारा, कडेवर दाबा, तुकडा मोडतो. उभाही, आडवाही. मायटर सॉ नको, जिगसॉ फक्त खाचांपुरता. इतका वेळ दोघांनी वाया घालवला.

धायरीकर
वा! आणि खालची फरशी उंचसखल असली की चार मिमीच्या एसपीसीचं लॉक, म्हणजे फळ्या एकमेकींत अडकवणारी खाच, तुटतं, ते कोण सांगणार? जुन्या बिल्डिंगमधल्या मोझॅकवर तर हमखास. आधी सहा फुटी पट्टी आडवी टाकून खालून उजेड दिसतो का बघा, मग सल्ले द्या.

निवृत्त_वर्कशॉप
फरशी लेव्हल करूनच घालायची असते. लॅमिनेटलाही. तुम्ही केली नव्हती का?

काटकोन
यावर धायरीकर गप्प बसतील, पैज लावतो.

धायरीकर
पॅसेजमध्ये केली नव्हती, जागा सरळ होती. बरं बाबा, एकाच खोलीसाठी नवा स्लाइडिंग सॉ घेणं महाग पडतं, हे मान्य. तुमच्यासारख्या फावला वेळ असणाऱ्यांनी जिगसॉने खुशाल खरवडत बसावं. तीन-चार खोल्या असतील तर मी माझ्या मतावर ठाम. मधल्यांनी टिंबर मार्केटच्या आसपास भाड्याने मिळतंय का चौकशी करावी, पातं मात्र स्वतःचं नवं न्यावं. भाड्याच्या मशीनवरच्या पात्याने आधीच्या माणसाने काय काय कापलंय देव जाणे.

आणि माझं मशीन कुणालाही मिळणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

काटकोन
मागितलं कोणी?