हिचकॉकचे सुरुवातीचे चित्रपट फुकटात बघावेत का?

धुकेकर
गेले दोन महिने रात्रीची जेवणं आटोपली की मी रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक याचे इंग्लंडमधल्या काळातले चित्रपट बघतोय. १९२७चा 'द लॉजर', १९२९चा 'ब्लॅकमेल', १९३५चा 'द ३९ स्टेप्स', १९३७चा 'यंग अँड इनोसंट'. सगळे नेटवर, सगळे फुकट. आपल्याकडे हिचकॉक म्हटलं की गाडी 'सायको'च्या न्हाणीघरापुढे सरकत नाही. त्याआधीचा हिचकॉक मला तर जास्त मजेशीर वाटला. 'लॉजर'मधला भाडेकरू वरच्या खोलीत येरझाऱ्या घालतो आणि खालच्या घरमालकांना ते जाणवतं. पण चित्रपट मूक, मग पावलं ऐकवायची कशी? पठ्ठ्याने जाड काचेची जमीन करून घेतली आणि खालून चालणारे पाय दाखवले! शंभरीला टेकलेली ही चित्रं फुकटच असावीत, आणि ती बघायला कसला संकोच नको. कोणाचा विरोध?

तिसरी घंटा
माझा. फुकटाला नाही, तुम्ही जे बघताय त्याला. ते चित्रपट नव्हेत, झेरॉक्सचे झेरॉक्स. 'यंग अँड इनोसंट'चा शेवट आठवा. डोळे मिचकावायची खोड असलेला खुनी शोधायचाय. कॅमेरा हॉटेलच्या हॉलमध्ये उंचावरून निघतो, नाचणाऱ्यांच्या डोक्यांवरून तरंगत वाद्यवृंदाकडे जातो, तोंडाला काळं फासलेल्या ड्रमवाल्यापाशी येतो आणि थेट डोळ्यांत शिरून थांबतो. मग ते डोळे लवतात. अख्खा शॉट त्या लवण्यासाठी रचलाय. तुमच्या प्रतीत दिसलं का ते? मी पाहिलेल्या फुकट प्रतीत तोंडाच्या जागी नुसता डांबराचा ठिपका होता.

मूकपटांचं तर विचारूच नका. त्या काळी कॅमेरा सावकाश फिरायचा. तीच फिल्म आजच्या वेगाने पळवली की माणसं मुंग्यांसारखी धावतात. वर कुणीतरी हाताला लागेल ते पियानोवादन चिकटवलेलं. पडद्यावर प्रेत, मागे सर्कस.

धुकेकर
डोळे लवलेले दिसले. म्हणजे, दिसल्यासारखे वाटले. पण पंगतीत बसलेल्या भुकेल्याला 'ताट चांदीचं नाही, ऊठ' असं म्हणायचं का?

सनद गहाण
'फुकट' आणि 'मुक्त' यांत गल्लत होतेय. तुम्ही कुठे बसून बघताय त्यावर उत्तर बदलतं. भारतात चित्रपटावरचा प्रताधिकार (कॉपीराइट) प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. त्या हिशेबाने आपल्याकडे मुदत कधीच उलटली. अमेरिकेत ९५ वर्षं, म्हणून 'लॉजर' २०२३च्या १ जानेवारीला मोकळा झाला, 'ब्लॅकमेल' २०२५ला. '३९ स्टेप्स' मात्र २०३१पर्यंत अडकलेला आहे. एके काळी तोही मोकळा समजत, पण १९९६मध्ये अशा परदेशी चित्रपटांचे हक्क तिथे पुन्हा जिवंत झाले. खुद्द ब्रिटनमध्ये दिग्दर्शक, लेखक वगैरेंच्या मृत्यूनंतर ७० वर्षं मोजतात. हिचकॉक १९८०मध्ये गेला, म्हणजे किमान २०५०अखेरपर्यंत थांबा.

आणि मूळ चित्रपट मोकळा झाला तरी त्याला नव्याने दिलेलं संगीत मोकळं होत नाही. अशा प्रती चढवणारे सरळ दुसऱ्याच्या कष्टांवर डल्ला मारतात.

वडापाव२२
एवढं रण कशासाठी? 'नंबर सेव्हन्टीन' लावला होता, वीस मिनिटांत घोरायला लागलो. फुकट मिळूनही महाग पडला. आणि 'द माउंटन ईगल'ची लिंक आहे का कोणाकडे? यादी पुरी करायची आहे.

तिसरी घंटा
@वडापाव२२, तो १९२६चा चित्रपट हरवलाय. काही छायाचित्रं तेवढी उरलीत. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट शोधतेय, सापडला तर आधी त्यांना कळवा. खुद्द हिचकॉक त्याला वाईट म्हणायचा, तेव्हा झोपेची सोय तिथेही झाली असती.

लेस्टरकरीण
सनदवाल्यांच्या हिशेबाने मी इथे इंग्लंडात तोच दुवा उघडला तर गुन्हेगार, आणि माझी पुण्यातली बहीण साळसूद! असो. त्याच ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१२मध्ये हिचकॉकचे उरलेले नऊ मूकपट दुरुस्त केले. त्यातला 'लॉजर' मी थिएटरात पाहिला. मूळ फिल्म रंगछटा दिलेली होती: रात्रीचा रस्ता निळा, घराच्या आत पिवळसर. नेटवरच्या राखाडी प्रतीत धुकं कुठलं आणि खराब प्रिंटचा धूर कुठला, कळत नाही. पण चांगल्या प्रतीतही सगळं गोड नव्हतं. नितीन साहनीच्या नव्या संगीतात मध्येच गाणी येतात, ती मला भारी खटकली. त्यापेक्षा आवाज बंद करून बघितलेला बरा.

धुकेकर
हेच म्हणतोय! शिवाय 'ब्लॅकमेल'मधली ती न्याहारी आठवा. आदल्या रात्री सुरीने खून करून आलेली मुलगी, शेजारीण बडबडतेय, बाकीचे शब्द पुसट होत जातात आणि 'नाइफ' तेवढा टोचत राहतो. माझ्या प्रतीत भजी तळल्यासारखी खरखर होती, तरी मी दचकलो.

तिसरी घंटा
खरखरीत सगळेच शब्द पुसट. मग मुद्दाम पुसट केलेला कोणता, हे ओळखलंत कसं?

धुकेकर
(चार दिवसांनी) भाच्याकडून 'यंग अँड इनोसंट'ची विकतची डिस्क आणली. डोळे लवतात, चांगले स्पष्ट लवतात. परवा मी ज्याला लवणं समजलो तो फिल्मवरचा ओरखडा होता. पण फुकटची प्रत बघितली नसती तर भाच्याला डिस्क मागायला गेलोच नसतो, त्यामुळे धागा मागे घेत नाही.

तिसरी घंटा
नका घेऊ. भाचा डिस्क उसनी देतो का तेवढं विचारा.